पहिला चॅनल गप्प का आहे

ओव्हरकाकांना गल्ली ओव्हरकाका म्हणते ते उगाच नाही. अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं वायरलेसवर बसलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी फोनवरचं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणूनच फोन ठेवायचा. पलीकडे दूधवाला असो नाहीतर साडू, सगळ्यांना तोच न्याय. जित्याची खोड, दुसरं काय!

तर हे काका भर दुपारी दोनला माळ्यावर चढले होते, आणि खाली शिडी धरून उभ्या राहिलेल्या काकू विचारत होत्या, की चार वर्षं ज्याचं नाव काढलं नाही ते आज कशाला हवंय. विचारायचं म्हणून विचारत होत्या. कशाला हवंय ते त्यांनाही ठाऊक होतं. शहराच्या टोकाला कागदाचं गोदाम पेटलं होतं. टीव्हीवर अकरापासून तोच धूर दाखवत होते, आणि अर्ध्या तासापूर्वी खालून नवी पट्टी सरकायला लागली होती: अर्धं छत कोसळलं, दलाचा एक कर्मचारी बेपत्ता. आत गेलेल्या तुकडीत माणसं चार. त्या तुकडीची प्रमुख म्हणजे यांची एकुलती एक लेक.

फोन करून झाले होते. लेकीचा फोन स्टेशनवरच्या कपाटात वाजत असणार, कारण आगीवर निघताना फोन बरोबर न्यायचा नाही हा दलाचा नियम. कंट्रोल रूमचा नंबर सतरा वेळा फिरवला तेव्हा एकदा लागला. एक मुलगी म्हणाली, "काका, लाइन मोकळी ठेवा," आणि ठेवून दिला. कोण बेपत्ता ते काही तिने सांगितलं नाही. सांगायचं नसतंच, हे काकांइतकं कुणाला माहीत? हीच वाक्यं त्यांनी स्वतः कितीतरी आईबापांना ऐकवली होती. आज ऐकून घ्यायची पाळी आली तेव्हा कळलं, किती जिव्हारी लागतं ते.

शेवटी ट्रंकेमागून स्कॅनर निघाला. हातात मावेल एवढा, वर रबरी एरियल, समोर चार लाल दिवे. स्कॅनरला नुसते कान असतात, तोंड नसतं. दुसऱ्यांचं बोलणं त्यावर ऐकता येतं, आपलं काही सांगता येत नाही. जुन्या पद्धतीचा असल्यामुळे प्रत्येक चॅनलसाठी आत नखाएवढं एक क्रिस्टल बसवलेलं. दिवा एक-दोन-तीन-चार असा पळत राहतो आणि ज्या चॅनलवर कुणी बोलत असेल तिथे थांबतो. पहिला चॅनल दलाचा. नवे सेट आणायचं दहा वर्षं नुसतं कागदावर चाललं होतं, म्हणून तो चॅनल अजून तसाच होता.

तो माळ्यावर का गेला तेही सांगून टाकतो. लेक दलात लागली आणि काका रोज तिचा आवाज ऐकत बसायला लागले. ऐकायचं तर गुपचूप ऐकावं की नाही? नाही. रात्री जेवताना तिला सांगायचे, अमुक वाक्य लांबलं, तमुक ठिकाणी पत्ता दोनदा सांगायला हवा होता. एकदा तर काम चालू असताना थेट कंट्रोलला फोन करून, तिला पाणी कमी पडतंय, दुसरा बंब पाठवा, असं सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी स्टेशनभर हसू. लेक घरी आली ती तापलेलीच. माझ्या कामात पुन्हा कान घालायचा नाही, माझी शपथ आहे, म्हणाली. काकांनी कानाला खडा लावला आणि यंत्र माळ्यावर गेलं.

आज शपथ मोडायची वेळ आली, तर यंत्र मेलेलं. बटण फिरवलं, दिवा नाही, खरखर नाही, काही नाही. काका म्हणाले, "मी खाली टीव्हीवाल्याकडे जातो," आणि आणखी एक वस्तू उचलली. शोकेसमधली लाकडी पाटी. निवृत्तीच्या दिवशी दलाने त्यांचा मोडीत निघालेला वायरलेसचा हँडसेट पितळी पट्टीसकट पाटीवर बसवून भेट दिला होता. मेलेला समजून दिला होता. काकांना घरात मेलेला सेट बघवेना, म्हणून आठ दिवसांत त्यांनी तो उघडून दुरुस्त केला आणि पुन्हा पाटीवर बसवून ठेवला. हे काकू सोडून कुणालाच माहीत नव्हतं. त्याची एरियल स्कॅनरला बसेल एवढ्याचसाठी तो आत्ता बरोबर घेतला होता, हे मात्र खरं.

टीव्हीवाल्याचं दुकान जिन्याखालीच. भिंतीवर दुरुस्तीला आलेले सात टीव्ही, सातांवर तोच धूर, आवाज बंद. टीव्हीवाला चाळिशीचा, बोलायला गोड, पण आज काकांचा चेहरा बघून त्याने काही न विचारता टेबल मोकळं केलं आणि पंखा काकांच्या बाजूला वळवला.

मागचं झाकण काढलं. सेलच्या जागी हिरवट-पांढरी पूड साचली होती. चार वर्षांपूर्वी सेल काढून ठेवायचे राहिले होते, ते आतच फुटले होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काकांनी त्याला तासभर सुनावलं असतं. टीव्हीवाल्याने जुन्या ब्रशने पूड खरवडली, पॉलिश पेपर मारला, नवे सेल घातले. दिवे पळायला लागले. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. पण आवाज नाही.

"स्क्वेल्च बघा," काका म्हणाले. खरखर दाबून टाकायचं हे बटण. जास्त फिरवलं की खरखरीबरोबर बोलणंही दाबून टाकतं. ते पार मागे फिरवलं तशी खरखर सुरू झाली. म्हणजे स्पीकर ठीक. पण नुसतीच खरखर, माणूस कुठेच नाही. हँडसेटची एरियल काढून लावून बघितली. तेच. मग टीव्हीवाल्याने भिंग डोळ्याला लावून एरियलच्या बुडाशी बघितलं आणि मान हलवली. आतला सांधा सुटला होता. बाहेरून एरियल ठणठणीत, आत तार लोंबकळत होती.

डाग द्यायला दोन मिनिटं लागतात. काकांचा हात थरथरतो, म्हणून टीव्हीवाल्याने दिला. काकांनी त्या दोन मिनिटांत सातही टीव्ही बघून घेतले. धुरातून माणसं फिरत होती. सगळ्यांचे कपडे एक, टोप्या एक. आपली पोर कोणती ते बापालाही कळेना.

सांधा जोडला आणि दुसऱ्या चॅनलवर दिवा थांबला. बस डेपोतला कुणीतरी सांगत होता की चाळीस नंबरची गाडी वळवा. काकांना इतकं बरं वाटलं की त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावं. तिसऱ्यावर पाणीपुरवठावाले बोलत होते, गोदामाकडचा दाब वाढवा म्हणून. चौथ्यावर कुणी गस्तीवाला. मग दिवा पहिल्यावर यायचा आणि न थांबता पुढे जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा पुढे. मिनिट गेलं, दोन गेली. घड्याळात तीनला पाच कमी.

"पहिल्याचं क्रिस्टल गेलंय," काका म्हणाले.

टीव्हीवाला म्हणाला की थोडं थांबून बघू, कदाचित बोलत नसतील. काका त्याच्यावर उखडले. आग लागलेली असताना चॅनल गप्प? एकतीस वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. पाणी मागायचं, नळी मागायची, शिडी हलवायची, मिनिटाला दहा माणसं बोलतात. बाकी तीन चॅनल चालतात आणि पहिलाच चालत नाही, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. क्रिस्टल.

त्यांनी पहिलं आणि दुसरं क्रिस्टल काढून अदलाबदल केली. आता बसवाले पहिल्या दिव्यावर बोलायला लागले आणि दुसरा दिवा मुका झाला. म्हणजे जागा ठीक, क्रिस्टलच संशयित. पण मेलंय की जिवंत, हे ठरवायचं कसं? त्या चॅनलवर कुणीतरी बोललं तरच कळणार. इथेच घोडं अडलं.

काकू मधेच खाली आल्या. त्यांना घरात एकटीला बसवेना. दारात उभ्या राहून त्यांनी काकांकडे बघितलं. त्या नजरेने काकांचं डोकं फिरलं असं म्हणा. पाटीवरचा हँडसेट त्यांनी उपटला. त्याची बॅटरी कधीच गेली होती, पण टीव्हीवाल्याच्या टेबलावर विजेचा पुरवठा होता. एरियल परत बसवली, दोन वायरी जोडल्या, सेटचा हिरवा दिवा लागला. काकांनी पहिला चॅनल लावला.

टीव्हीवाल्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, काका, हे बरं दिसत नाही, भलतंच काही व्हायचं. काका म्हणाले, एक सेकंद फक्त. बोलायचं नाही, नुसती कळ दाबायची. स्कॅनरचा दिवा थांबला तर क्रिस्टल जिवंत, नाही थांबला तर बाजारातून दुसरं. दुरुस्तीची रीतच आहे ही, खात्रीचा सिग्नल द्या आणि बघा.

त्यांनी कळ दाबली. एक सेकंद.

स्कॅनरचा दिवा थांबला. आणि स्पीकरमधून घरघर आली, त्याच दुकानातल्या, काकांच्याच अंगावर वळवलेल्या पंख्याची. काकांनी बोट उचललं. क्रिस्टल ठणठणीत होतं. दुरुस्ती झाली होती. चॅनल खरोखरच गप्प होता.

आणि मग काकांच्या पायाखालची जमीन सरकली. आग चालू असताना चॅनल गप्प राहायला एकच कारण असतं. माणूस आत राहिला की कंट्रोल हुकूम देतं, सगळे गप्प. एकूण एक माणूस कळेवरून बोट काढतो. कारण आत अडकलेल्याच्या तोंडून शब्द फुटत नसेल, पण त्याला कळ दाबता आली तर तेवढीच खूण ऐकू यावी. बोलता येत नसेल तर कळ दाबा, हे प्रत्येक नव्या तुकडीला कोणी शिकवलं होतं? याच गृहस्थांनी! यंत्रांवर संशय घेण्यात हयात गेली, म्हणून समोर शांतता असताना हे यंत्र उघडत बसले. शहाण्याने शहाणपणा करावा आणि तो असा अंगाशी यावा.

स्कॅनर बोलला. कंट्रोलवरचा ऑपरेटर, काकांच्याच हाताखाली तयार झालेला, पण आवाज चढलेला. "सर्वांना. कळ दाबल्याची खूण मिळाली आहे. मागे घरघर ऐकू आली. आतलाच सेट आहे. जवळ कोण आहे?"

लगेच दुसरा आवाज. "तुकडी दोन प्रमुख. मी पुढच्या दाराशी आहे. लंबूच आहे तो, दोन जणांना घेऊन मी आत जातेय. परवानगी?"

काकूंनी टीव्हीवाल्याचा दंड घट्ट धरला. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या, "अहो, जिवंत आहे हो ती," आणि तिथल्या तिथे स्टुलावर बसून रडायला लागल्या. रडणं सुखाचं होतं. लेकीचा आवाज ऐकला, त्यांना आणखी काय हवं होतं! टीव्हीवाल्याचेही डोळे भरले. लंबू म्हणजे तुकडीतला उंच माणूस, यांच्याकडे जेवायला यायचा तेव्हा दर वेळी चौकटीला डोकं आपटायचा. बेपत्ता तो होता. काकांच्या जिवात जीव आला तो त्याच क्षणी पुन्हा गेला.

"खूण मिळाली म्हणून परवानगी आहे," कंट्रोल म्हणालं. "छत लोंबतंय. सांभाळून."

लेक आत चालली होती. अर्ध्या छताखाली, धुरात, बापाच्या पंख्याची घरघर शोधायला. काकांच्या हातात सेट होता, हिरवा दिवा लागलेला. बोललं तर सगळं शहर हसणार, गुन्हा दाखल होणार, पेन्शनवर गदा येणार, लेकीला स्टेशनवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. न बोललं तर झाकली मूठ. आणि लंबू आत जिवंत असेलही, कोण जाणे. हे सगळं विचार करून झालं असं मुळीच नाही. एवढंच डोक्यात होतं की पोर दारात आहे, आत गेलेली नाही.

त्यांनी कळ दाबली.

"कंट्रोल, ती खूण आतली नाही. पुन्हा सांगतो, आतली नाही. बाहेर दुरुस्तीच्या दुकानात चाचणीसाठी कळ दाबली. घरघर पंख्याची आहे. मी दाबली. आत जाऊ नका. ओव्हर."

चॅनलवरच्या चाळीस माणसांनी ते शेवटचं ओव्हर ऐकलं आणि कोण ते सगळ्यांना समजलं. कंट्रोलवरचा ऑपरेटर तर बोलूनच गेला, "काका?" मग सावरला. "तुकडी दोन. ऐकलं का?"

काकूंचं रडणं थांबलं होतं. त्यांना आत्ता कुठे उमगायला लागलं होतं.

"ऐकलं," लेक म्हणाली. आवाज सपाट. "दारातून मागे येतेय."

"मागच्या भिंतीचं काम चालू ठेवा. बाकी सगळे गप्प," कंट्रोल म्हणालं, आणि चॅनल पुन्हा तसाच झाला. काकांनी सेटच्या वायरी काढल्या. टीव्हीवाल्याने पंखा बंद केला. सव्वातीनला सातही टीव्हींवर उरलेलं छत खाली येताना दिसलं, आणि तिघेही एकमेकांकडे न बघता तेच बघत राहिले.

लेक साडेसातला घरी आली. अंगाला धुराचा वास, डोळे लाल, एका हाताला पट्टी. काकूंनी तिला मिठी मारली, तिने मारू दिली. हातपाय धुतले, टेबलाशी बसली. काकूंनी ताट वाढलं. काका समोर बसले होते, दुपारपासून उठलेच नव्हते. दलाचे वरिष्ठ येऊन हँडसेट जप्त करून गेले होते. काकांनी विचारलेलं सगळं सांगून सही दिली होती, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

लंबू पाचला सापडला, तिने सांगितलं. मागची भिंत फोडून आत गेले तेव्हा. छताखाली. पुढच्या दारापासून अकरा पावलं होती, तिने स्वतः मोजली. छत येईपर्यंत धूर खाली बसलेला नव्हता, डॉक्टर म्हणाले तोवर श्वास चालू असणार.

"तुम्ही बोललात तेव्हापासून छत यायला सतरा मिनिटं होती," ती म्हणाली. "अकरा पावलांचं काम तीन मिनिटांचं."

काकू म्हणाल्या, असं आता वाटतं बाळा, तेव्हा कुणाला ठाऊक होतं, छत दुसऱ्या मिनिटाला आलं असतं तर. लेकीने मान हलवली. ते खरंच होतं, तिने नाकारलं नाही.

"बाबा, मी एकच विचारते. दारात मी नसते, दुसरं कुणी असतं, तर बोलला असता का?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. हो म्हणा, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. हो म्हणणं सोपं होतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं. काकांनाही हो म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "लाज वाटली असती. सेट बंद करून घरी आलो असतो."

"म्हणजे दुसरं कुणी असतं तर लंबू वाचला असता."

जेवण गार होत होतं. लेक रागावली असती तर काकांना परवडलं असतं, चार वर्षांपूर्वीसारखी भांडली असती तर फारच बरं झालं असतं. ती नुसती दमलेली होती.

"त्याच्या बायकोला कुणीतरी सांगितलंय, की आतून कळ दाबल्याची खूण आली होती," ती म्हणाली. "ती मला विचारत होती, तो तेव्हा हाक मारत होता ना, मग तुम्ही गेला का नाहीत. मी काही बोलले नाही. बाप म्हणून तुमचं नाव मला घेता येईना."

"मी सांगतो," काका म्हणाले.

"फोनवर नाही."

"नाही. तिच्या घरी जाऊन सांगतो. तूही चल." मग त्यांनाच वाटलं की हे मागणं जास्तीचं आहे. "नाही आलीस तरी चालेल."

"येते," लेक म्हणाली. "सकाळी आठला निघू."

काकूंनी तिच्या ताटातलं गार झालेलं अन्न उचललं आणि दुसरं गरम करायला त्या आत गेल्या.